उंदराचे पाय, नागाचें अंग



मोटारगाडीचा इतिहास सांगणारे लोक बहुधा एंजिनापासून आरंभ करतात. एंजिन गर्जना करतें, तेव्हां लक्ष तिकडे जाणें स्वाभाविकच आहे. नंतर ते गाडीच्या अंगकाठीकडे वळतात, आणि वेळ उरलाच तर पुढील चाकांविषयीं चार शब्द बोलतात. मागील चाकांची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक वेगवान् गाडी वळणावर गिरकी घेऊन रस्त्याबाहेर गेली, कीं पुष्कळदां अपराध मागील चाकांचा असतो आणि दोष मात्र हांकणाराच्या माथीं येतो. आज मी ज्या गाडीची हकीगत सांगणार आहें, तिचा सारा इतिहास या मागील चाकांवरूनच वाचतां येतो. ती गाडी म्हणजे अर्धी इंग्लंडांत व अर्धी अमेरिकेंत जन्मलेली कोब्रा. १९६२ पासून पुढील पांचसहा वर्षांत मूळ कोब्रा सुमारें एक हजारच झाल्या. तिच्या प्रतिकृति मात्र कित्येक हजार आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा हौशी माणसांनीं घरच्या पडवींत स्वतःच्या हातांनीं जुळविलेल्या आहेत. ज्यानें गाडी जुळविली तोच तींत बसून ताशीं शंभर मैलांच्या वेगानें निघतो, म्हणून हा विषय केवळ कारागिरीचा नाहीं. तो जिवाचाही आहे.

प्रथम थोडी भूमिति. आपल्या रस्त्यांवर दोन पिढ्या धांवलेली अँबॅसडर आठवा. तिचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. तिचीं मागील दोन चाकें एका अखंड आंसाच्या दोन टोकांस बसविलेलीं असत, आणि तो आंस पोलादी पाट्यांच्या दोन कमानींवर टांगलेला असे. एक चाक खड्ड्यांत गेलें कीं दुसऱ्यासही त्याची झळ लागे. परंतु दोन्ही चाकें परस्परांशीं समांतर राहत, कारण आंस वांकत नसे. दुसरी रीत याच्या उलट आहे. प्रत्येक चाकास स्वतंत्र भुजा द्यावयाच्या, म्हणजे एकाचें दुःख दुसऱ्यास नको. यायोगें प्रवास सुखाचा होतो आणि चाक रस्त्यास अधिक चिकटून राहतें. मात्र अखंड आंस जें काम आपोआप करीत होता, तें आतां भुजांच्या लांबीवर व सांध्यांच्या जागांवर येऊन पडतें.

तें काम कोणतें? गाडीच्या पाठीमागें उभें राहून पाहिलें असतां चाक ओळंब्यांत आहे कीं आंत-बाहेर कललें आहे, हें एक. याला कारखान्यांत कँबर म्हणतात. वरून पाहिलें असतां चाक गाडीच्या मध्यरेषेशीं समांतर आहे, कीं त्याचें तोंड आंत अथवा बाहेर वळलें आहे, हें दुसरें. याला टो म्हणतात. एखादा मनुष्य पाऊल आंत वळवून चालतो आणि दुसरा फेंगडा चालतो, तसाच हा प्रकार आहे. मागील चाकें किंचित् आंत वळलेलीं असलीं तर गाडी सरळ रेषेंत स्थिर धांवते. तींच फेंगडीं झालीं तर गाडीचा मागला भाग पुढल्या भागास ओलांडूं पाहतो. तिसरी गोष्ट अशी कीं, दोन्ही मागील चाकें मिळून एकाच बाजूस पाहूं लागलीं तर गाडी खेंकड्यासारखी तिरपी धांवते. कोब्राच्या पुढील व मागील चाकांमधील अंतर ९० इंच. मागील जोडी अवघी एक अंश तिरपी बसली, तर तीं चाकें पुढील चाकांचा माग सोडून सुमारें दीड इंच बाजूनें जातात. एक अंश म्हणजे काय, हें कंपासपेटींतील कोनमापकावर पाहावें. दोन रेषा डोळ्यांस एकच वाटतात.

आतां हकीगतीकडे वळूं. १९३६ सालीं इटलींतील फियाट कंपनीनें एक चिमुकली मोटार काढली. एंजिन ५६९ घनसेंटीमीटरचें आणि शक्ति अवघी तेरा घोड्यांची. लोकांनीं तिला लाडानें टोपोलिनो, म्हणजे छोटा उंदीर, असें नांव दिलें. तिच्या पुढील चाकांची मांडणी मोठी काटकसरीची होती. वर पाट्यांची एकच कमान या चाकापासून त्या चाकापर्यंत आडवी टाकलेली, आणि खालीं प्रत्येक बाजूस बेचक्याच्या आकाराची एकेक भुजा. कमान दोन कामें करी. ती धक्का सोशी, आणि वरची भुजा होऊन चाकास धरूनही ठेवी. एका नोकरानें स्वयंपाकही करावा आणि दारही राखावें, तशांतला हा प्रकार! तेरा घोड्यांच्या घरांत तो उत्तम चालला.

महायुद्ध संपल्यावर इंग्लंडांत पैशाची व लोखंडाची दोन्ही टंचाई होती. १९४६ सालीं लंडनजवळील सर्बिटन येथें चार्लस् कूपर व त्यांचे चिरंजीव जॉन यांनीं शर्यतीची एक लहान गाडी बांधली. त्यांनीं दोन टोपोलिनो गाड्यांचीं पुढचीं अंगें घेतलीं आणि तीं पाठीस पाठ लावून जोडलीं. त्यामुळें मागील चाकांनाही तीच आडवी कमान व तीच बेचकी भुजा मिळाली. मुद्दाम संशोधन करून ही स्वतंत्र मांडणी मागें आणली असें नाहीं. हाताशीं जें होतें तेंच जोडलें. पण गाडी चांगली पळाली, आणि तशा मांडणीचीं अनुकरणें होऊं लागलीं.

अनुकरण करणारांत जॉन तोजेइरो नांवाचे एक गृहस्थ होते. जन्म पोर्तुगालांतला, कर्तबगारी इंग्लंडांतली. त्यांनीं लोखंडी नळ्यांची शिडीसारखी साधी चौकट करून तिला पुढें व मागें कूपरच्या धर्तीची आडवी कमान लावली. त्यांच्या एका गाडीचें अंग तर मिलान येथील टूरिंग कारखान्यानें १९४८ च्या सुमारास फेरारीसाठीं घडविलेल्या उघड्या गाडीवरून बेतलेलें होतें. थेम्स डिटन येथील ए. सी. कार्स या जुन्या कंपनीनें ही रचना घेतली आणि १९५३ च्या लंडन येथील मोटार-प्रदर्शनांत ‘एस’ या नांवानें मांडली. तिचें एंजिन ए. सी. कंपनीचें स्वतःचें, १९१९ सालच्या आंखणीचें, दोन लिटरचें होतें. म्हणजे पाहा, पुढें ज्या गाडीस लोक अस्सल अस्सल म्हणून डोक्यावर घेणार होते, तिचें अंग एका इटालियन गाडीवरून घेतलेलें आणि पाय दुसऱ्या इटालियन गाडीचे. प्रतिकृतीच्या नांवानें नाक मुरडणारांनीं ही वंशावळ एकदां वाचावी.

कॅरोल शेल्बी हे टेक्सास संस्थानचे. १९५९ सालीं त्यांनीं रॉय साल्व्हादोरी यांच्यासह ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि हृदयविकारामुळें लौकरच शर्यती सोडल्या. १९६१ च्या सप्टेंबरांत त्यांनीं ए. सी. कंपनीस पत्र लिहून विचारलें कीं, तुमच्या गाडींत अमेरिकन आठ सिलिंडरचें एंजिन बसेल काय? फोर्ड कंपनीचें नवें, वजनानें हलकें एंजिन मिळालें, आणि १९६२ च्या फेब्रुवारींत एक गाडी एंजिनावांचून विमानानें कॅलिफोर्नियास गेली. कोब्रा हें नांव आपणांस स्वप्नांत दिसलें, असें शेल्बी सांगत. उंदीर आणि नाग एकाच दैवताच्या अंगाखांद्यावर व पायाशीं असलेले आपण गणेशचतुर्थीस पाहतों. पण त्या कथेंतही नागास पाहून उंदीर अडखळला आणि गणराय खालीं आले, हें विसरूं नये.

येथेंही अडखळण्याची वेळ आली. एंजिनाची शक्ति शंभराच्या आंतबाहेरून अडीचशेंच्या वर गेली. टायर रुंद झाले. आडव्या कमानीची मोठी उणीव अशी कीं, तिची लांबी व खालच्या भुजेची लांबी जवळजवळ सारखीच पडते, आणि त्यामुळें वळणावर गाडीचें अंग जितकें कलतें तितकेंच चाकही कलतें. अरुंद टायराला याचें कांहीं वाटत नाहीं. रुंद टायर मात्र एका कडेवर उभा राहतो आणि त्याची उरलेली रुंदी वांयां जाते. तरीही चांगल्या हांकणाऱ्यांनीं या गाडीस पुष्कळ शर्यती जिंकून दिल्या. मग मोह वाढला. १९६४ च्या मार्चमध्यें सेब्रिंग येथील शर्यतीसाठीं केन माइल्स यांनीं याच आडव्या कमानीच्या गाडींत सात लिटरचें प्रचंड एंजिन बसवून आणलें. सरावांतच ती गाडी झाडावर जाऊन आदळली. माइल्स वांचले. तेरा घोड्यांसाठीं बेतलेल्या कल्पनेवर चारशें घोडे जुंपतां येत नाहींत, हें सर्वांना कळून चुकलें.

१९६५ ची नवी कोब्रा म्हणूनच निराळी झाली. चौकटीच्या मुख्य नळ्या तीन इंचांच्या होत्या, त्या चार इंचांच्या केल्या. आडवी कमान गेली आणि वेटोळ्याच्या स्प्रिंगा आल्या. वर एक व खालीं एक अशा असमान लांबीच्या भुजा आल्या. वरची आंखूड असल्यामुळें चाक वर उचललें जातांना माथ्याकडे किंचित् आंत झुकतें, आणि अंग कललें तरी टायर रस्त्यावर सपाट राहतो. या भुजांची भूमिति फोर्ड कंपनीचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनीं गणकयंत्राच्या साहाय्यानें सोडविली. बाहेरून पाहणारास फक्त फुगलेलीं चाकझांकणें दिसलीं. खरें स्थित्यंतर पोटाखालीं झालें होतें.

आणि नेमकें हेंच प्रतिकृतिकारांच्या हातून सुटलें. मूळ गाड्या दुर्मिळ व महाग होऊं लागल्या, तसे प्रतिकृतींचे दिवस आले. मूळ अंग ॲल्युमिनियमचें. त्यावरून सांचा घेऊन कांचतंतूंचें अंग ओतणें कठीण नव्हतें. नळ्यांची चौकटही एखादा चांगला लोहार जोडील. अडचण आली ती मागील आंसाची. इंग्लंडांत सर्वांची दृष्टि जॅग्वारकडे गेली, आणि ती योग्यच होती. जॅग्वारची स्वतंत्र मागील मांडणी १९६१ सालीं आली आणि थोड्याफार फरकानें १९९६ पर्यंत चालली. बॉब नाइट या अभियंत्यानें ती एका महिन्यांत आंखून दाखवावी, अशी पांच पौंडांची पैज कंपनीचे मालक सर विल्यम लायन्स यांनीं लावली होती असें सांगतात. मोडीच्या बाजारांत ती सहज मिळे. शिवाय तिच्या मधल्या डिफरन्शियलचें घराणें सॅलिस्बरी, आणि मूळ कोब्राचेंही तेंच. तेव्हां ही सोयरीक परकी नव्हती.

या मांडणींत एक मोठी चतुराई आहे. चाक फिरविणारा दांडा हीच वरची भुजा, आणि खालीं नळीची एक मजबूत भुजा. प्रत्येक बाजूस स्प्रिंगांची जोडी. ब्रेक चाकाशीं नव्हे तर मध्यभागीं. हा सगळा संसार एका पोलादी पिंजऱ्यांत बसविलेला आणि तो पिंजरा रबराच्या ठोकळ्यांवर गाडीस टांगलेला. खालच्या भुजेपासून पुढें जाणारा एक आधारदांडा गाडीच्या अंगास, तोही रबरांतूनच, जोडलेला असे.

प्रतिकृति करणाराला पिंजरा नकोसा वाटला. तो जड होता, चौकटींत मावत नव्हता, आणि रबर म्हणजे ढिलाई अशी समजूत होती. तेव्हां कित्येकांनीं पिंजरा फेंकून डिफरन्शियल थेट चौकटीस बोल्टांनीं आंवळला. मोठ्या जॅग्वारचा आंस कोब्राच्या अंगाला रुंद पडे, म्हणून दांडे व भुजा कापून आंखूड केल्या. आधारदांड्याचें पुढचें टोंक जेथें जागा सांपडली तेथें अडकविलें. वरून पाहतां काम चोख झालें!

घराच्या दाराचें उदाहरण घ्या. दाराच्या दोन बिजागऱ्या एका ओळंब्यांत असल्या तर दार बोटानें उघडतें. एक बिजागरी बोटभर पुढें बसली तर दार अडतें, करकरतें, आणि जोर केला तर चौकट उखडते. खालच्या भुजेचा आंतला सांधा ही एक बिजागरी आणि आधारदांड्याचें पुढचें टोंक ही दुसरी. जॅग्वारमध्येंही हीं दोन्ही एका रेषेंत नाहींत. परंतु तेथें रबर आहे, आणि सबंध पिंजरा केसभर हलून तो विरोध पचवितो. ती ढिलाई नव्हे, तो हिशेबांत धरलेला आंकडा आहे. प्रतिकृतिकारानें आंकडा खोडला आणि गणित तसेंच ठेवलें. मग चाक वरखालीं होतांना कांहीं तरी वांकलेंच पाहिजे. भुजा पिळवटते, आणि चाकाचें तोंड प्रत्येक उंचवट्यावर आंत-बाहेर वळतें. म्हणजे गाडी मागूनही सुकाणूं फिरवूं लागते, आणि हांकणाराच्या हातांत त्या सुकाणूंचें चक्रच नसतें. वळणाच्या मध्यावर त्यानें घाबरून पाय उचलला, वजन पुढें सरकलें, बाहेरचें मागील चाक फेंगडें झालें, कीं पुढचें दृश्य सांगावयास नको. भुजा आंखूड केल्यामुळें चाकाचा कलही पहिल्यापेक्षां भरभर बदलतो. आणि दीड टनाहून जड गाडीच्या स्प्रिंगा अकराशें किलोंच्या गाडीखालीं तशाच घातल्या, तर चाक रस्त्यास टेकण्याऐवजीं उड्या मारतें.

मी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या. शेजाऱ्याच्या वहींतून उत्तर उतरविणारा मुलगा सांपडतो तो उत्तरावरून नव्हे. तो मधल्या पायऱ्यांत सांपडतो. कूपर पितापुत्रांनींही उतरविलेंच. पण उंदराचे पाय घेतांना त्यांनीं कमान, भुजा आणि त्यांचे सांधे सगळें जसेंच्या तसें घेतलें, आणि गाडी उंदराइतकीच हलकी ठेवली. उसनें आणण्यांत कमीपणा नाहीं. अर्धें उसनें आणलें म्हणजे घात होतो.

हा दोष शोधून काढण्याची रीत अगदीं साधी आहे आणि तिला यंत्रशाळा लागत नाहीं. गवंड्याची सुतळी व ओळंबा पुरे. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी. हांकणाराच्या बैठकीवर त्याच्या वजनाइतकीं वाळूचीं पोतीं ठेवावीं, कारण तो बसला कीं गाडी खालीं बसते आणि सगळे कोन बदलतात. गाडी एकदां मागें-पुढें ढकलून चाकें मोकळीं होऊं द्यावीं. मग दोन्ही अंगांस चाकांच्या मध्याच्या उंचीवर एकेक सुतळी ताणावी. या सुतळ्या परस्परांशीं व गाडीच्या मध्यरेषेशीं समांतर हव्यात. पुष्कळजण त्या चाकांच्या कडांवरून लावतात आणि फसतात, कारण पुढील जोडीची रुंदी व मागील जोडीची रुंदी बहुधा सारखी नसते. आतां चाकाच्या लोखंडी कडेपासून सुतळीपर्यंतचें अंतर पुढल्या व मागल्या बाजूस मोजावें. पंधरा इंची कडेवर एक मिलीमीटरचा फरक म्हणजे अंशाचा सुमारें सातवा हिस्सा. मागील दोन्ही चाकें मिळून दोन-तीन मिलीमीटर आंत वळलेलीं आणि माथ्याकडे अर्धा ते एक अंश आंत कललेलीं असावींत, असा अशा गाड्यांचा सर्वसाधारण रिवाज आहे. जॅग्वारच्या मांडणींत कल बदलण्यासाठीं दांड्याच्या टोंकाशीं, ब्रेकच्या तबकडीजवळ, पातळ चकत्या घालतात किंवा काढतात. टो बदलण्याची मात्र सोय कारखान्यानें ठेवलेलीच नाहीं. कारखान्याची चौकट अचूक होती, म्हणून त्याला गरज वाटली नाहीं. पडवींतल्या चौकटीस ती वाटते.

येथें थांबणारा मनुष्य अर्ध्यावर थांबला. उभ्या गाडीचें माप बरोबर आलें म्हणून धांवत्या गाडीचें बरोबर असेल असें नाहीं. स्प्रिंग काढून ठेवावी, चाक जॅकनें इंच इंच वर न्यावें, इंच इंच खालीं आणावें, आणि प्रत्येक ठिकाणीं तीं दोन अंतरें वहींत मांडावीं. आंकडे जवळजवळ स्थिर राहिले तर भुजा सुखानें नांदत आहेत. ते पळूं लागले तर आधारदांड्याचें टोंक हलविल्यावांचून गत्यंतर नाहीं, मग कितीही सुंदर रंग दिलेला असो. हें काम एका संध्याकाळचें आहे. रंगाला महिने दिले जातात.

अमेरिकेंत प्रतिकृतीचा प्रवाह दुसऱ्या वाटेनें गेला. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत १९९५ सालीं स्थापन झालेल्या फॅक्टरी फाइव्ह या कंपनीनें फोर्ड मस्टँगचे भाग घेऊन कोब्राची प्रतिकृति देण्यास आरंभ केला. त्या मस्टँगचा मागील आंस अखंड, म्हणजे आपल्या अँबॅसडरच्या जातीचा. मात्र पाट्यांवर नव्हे, तर चार भुजा व वेटोळ्याच्या स्प्रिंगा यांवर. जाणकार म्हणविणारांनीं त्याची पुष्कळ थट्टा केली. मला ती पटत नाहीं. अखंड आंसास कँबर नाहीं, टो नाहीं, त्याचा रुसवा-फुगवा नाहीं. गाडीच्या मध्यरेषेशीं तो काटकोनांत बसला आहे कीं नाहीं एवढें पाहिलें कीं झालें. चुकीच्या स्वतंत्र भुजांपेक्षां बरोबर बसविलेला अखंड आंस शतपटीनें बरा. पुढें त्या कंपनीनें ग्राहकांस स्वतंत्र मांडणीही दिली, आणि तीही सबंध.

१९६२ सालीं विमानानें गेलेली ती पहिली कोब्रा पुढें शेल्बी यांच्याच संग्रहीं राहिली. त्यांच्या निधनानंतर, ऑगस्ट २०१६ मध्यें, कॅलिफोर्नियांतील माँटरे येथील लिलांवांत तिला १ कोटि ३७ लक्ष ५० हजार डॉलर आले. नीट जुळविलेली आजची प्रतिकृति तिला कोणत्याही वळणावर मागें टाकील. लिलांवांत गेलेल्या त्या गाडीच्या मागील चाकांवर आडवी टाकलेली आहे ती पाट्यांची कमान, टोपोलिनोच्या पुढल्या चाकांवरून आलेली.